कल्याणच्या बत्तीस डिश

नांदुऱ्यात गच्चीवरची डीटीएचची छत्री एकदा दक्षिणेकडे रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. 35,786 किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळलेला दिसतो. जमिनीवरून त्याचं चित्र काढणं अवघड जातं तेही याच स्थिरपणामुळे. हे कळल्यावर मी असं चित्र काढण्याच्या तंत्राचं कूळ शोधू लागलो आणि कल्याणला पोचलो. हो, आपल्या मुंबईच्या गाडीच्या वाटेवरचंच कल्याण.

एवढ्या उंचीवरच्या उपग्रहाचा एक मीटरचा तपशील दिसायला वीस-बावीस मीटर व्यासाचा आरसा हवा. आजचे मोठ्यात मोठे दहाच्या आसपास. म्हणून लहान दुर्बिणी दूरदूर ठेवायच्या आणि त्यांचा प्रकाश जुळवायचा. मायकेलसन आणि पीझ यांनी 1920 साली अंतरावरच्या आरशांनी काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला. बहुतेक जण कूळ तिथून धरतात. दुसरा पक्ष हॅनबरी ब्राउनचा. निलगिरीतल्या अरवनकाडूला जन्मलेल्या या माणसाने 1956 साली लहरी न जुळवता, नुसते तेजातले चढउतार ताडून व्याधाचा व्यास काढला. उपग्रहांसाठीही ही रीत सुचवली जाते. पण दोघांनीही मोजला तो व्यास. चित्राची गोष्ट निराळी.

चित्राला दुर्बिणींच्या पुष्कळ जोड्या लागतात, वेगवेगळ्या अंतरांच्या आणि दिशांच्या. सिडनीजवळ पॉट्स हिलला खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टियनसनने सूर्य पाहण्यासाठी सहा फुटी 32 रेडिओ डिश समान अंतरावर एका ओळीत मांडल्या. पुढे आडवी दुसरी ओळ आली, आणि त्याने व वॉरबर्टनने पृथ्वीलाच कामाला लावलं: ती वळते तशी सूर्यावरून पाहता ओळींची दिशा बदलते, आणि मोजक्या डिश अनेकांचं काम करतात. 1953 साली तिथे गेलेल्या भारतीय खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी त्या डिश भारतासाठी मागून घेतल्या. काही वर्षं त्या दिल्लीत राहिल्या; 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या कल्याणला उभारल्या, 24 पूर्व-पश्चिम आणि 8 उत्तर-दक्षिण. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं घराणं हेच.

भूस्थिर उपग्रहापुढे पृथ्वी फिरवण्याची ही युक्ती चालत नाही. तो सोबतच फिरतो, दिशा बदलतच नाही. मग कामी येतो त्या डिशचा कमी वाखाणलेला गुण, समान अंतर. ओळीतल्या 32 डिशच्या जोड्या 496, पण अंतरं फक्त 31. तीच तीच अंतरं पुन्हा मोजणं ही पुढे उधळपट्टी ठरली. उपग्रहाला मात्र तीच हवी. मार्च 2009 मध्ये ॲरिझोनातल्या अमेरिकी नौदलाच्या दुर्बिणींनी डायरेक्टीव्ही-9एस या उपग्रहाचे व्यतिकरण पट्टे, म्हणजे जुळलेल्या प्रकाशाच्या उजळ-काळ्या रेषा, पकडले, तेही 15.9 मीटर अंतरावर आणि तो उन्हाने लखलखला तेव्हाच. दुर्बिणींमधलं अंतर वाढलं की हे पट्टे पुसट होतात. उपाय असा: शेजारच्या जोडीवर पट्टे धरायचे, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, आणि त्या आधारावर टोकाच्या जोडीचं मोजमाप घ्यायचं. यासाठी दुर्बिणी जवळजवळ, सारख्या अंतरावर, ओळीने हव्यात. पॉट्स हिलला आणि कल्याणला हेच होतं.

कल्याणची रेडिओ लहर अर्ध्या मीटरची आणि प्रकाशाची अर्ध्या मायक्रॉनची, दहा लाख पटींचा फरक, असा आक्षेप येतो. तो बरोबर आहे, आणि म्हणून आरसे व प्रकाश जुळवण्याचं कसब मायकेलसनचं हे मी निमूट मान्य करतो. मांडणीचा वारसा मात्र मी कल्याणच्या घराण्यालाच देतो.