जुना संगणक आणि त्याचा हरवलेला पडदा



समजा, तुमच्या महाविद्यालयाला एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीतून एक जुना संगणक मिळाला. पिवळसर पांढरी पेटी, तिच्यातच बसवलेला कळफलक आणि वरच्या ओळीत लाल कळा. हा बीबीसी मायक्रो. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांसाठी याच यंत्राची निवड झाली होती. तुम्ही वीज जोडता. यंत्र दोन सुरांत ‘बीप’ करते, म्हणजे ते जिवंत आहे. पण प्रयोगशाळेतल्या मॉनिटरची वायर मागच्या एकाही छिद्रात बसत नाही. कोणीतरी धडपड करून वायर जुळवतो, तर मॉनिटरवर सूचना येते की सिग्नल मर्यादेबाहेर आहे. संगणक बोलतो आहे, पण तो काय म्हणतो ते तुम्हाला दिसत नाही.

‘याला कोणता मॉनिटर चालेल?’ हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याचा वाटतो. या पाठात आपण तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. माझे म्हणणे असे, की १९८० च्या दशकातला गृहसंगणक ही एकटी, पूर्ण वस्तू कधीच नव्हती. तिचा अर्धा भाग दिवाणखान्यातल्या टीव्हीत होता. पेटी आपण जपली आणि हा अर्धा भाग भंगारात दिला.

घरचा टीव्ही हाच पडदा

१९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला, तेव्हा त्याच्या १६ केबी आवृत्तीची किंमत १२५ पौंड होती. एवढ्या पैशांत वेगळा पडदा देणे शक्यच नव्हते. म्हणून यंत्राच्या आत एक छोटा मॉड्युलेटर बसवला जाई. तो चित्राचा सिग्नल रेडिओ लहरीवर चढवून अँटेनाच्या छिद्रातून टीव्हीत पाठवी. म्हणजे संगणक स्वतःच एक चिमुकले दूरदर्शन केंद्र होई आणि टीव्हीला वाटे, आणखी एक वाहिनी लागली. ब्रिटिश स्पेक्ट्रमची ही ‘वाहिनी’ यूएचएफ पट्ट्यातली ३६ क्रमांकाची होती.

अमेरिकेत याच युक्तीला कायद्याची अडचण आली. रेडिओ लहरींत अडथळा येऊ नये म्हणून तिथे कडक नियम होते. १९७७ चा ॲपल टू त्यामुळे मॉड्युलेटरशिवाय विकला जाई. तो भाग दुसरीच एक कंपनी बनवी आणि दुकानदार ग्राहकाला दोन्ही वस्तू एकत्र देई. पडद्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून असा वाऱ्यावर सोडलेला होता.

पण टीव्हीला जोडायचे म्हटले की टीव्हीचे नियम पाळावे लागतात, आणि ते प्रत्येक देशाचे वेगळे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. तिथल्या एनटीएससी पद्धतीत चित्राच्या ५२५ रेषा. ब्रिटन आणि भारतात वीज ५० हर्ट्झची आणि चित्राच्या रेषा ६२५. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शनवर रंग आले, तेही ब्रिटनप्रमाणे पाल पद्धतीने. म्हणून ब्रिटिश संगणक भारतीय टीव्हीशी बराचसा जुळे, तर अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने आणलेल्या यंत्राचे चित्र तेव्हाच्या आपल्या टीव्हीवर वरखाली सरकत राही किंवा कृष्णधवल दिसे. जुळण्यालाही मर्यादा होत्या. दूरदर्शनचे प्रक्षेपण व्हीएचएफ पट्ट्यात होत असे. ज्या संचात यूएचएफ ट्यूनरच नव्हता, त्यावर लंडनच्या स्पेक्ट्रमची ३६ क्रमांकाची वाहिनी शोधून सापडणार कशी? पुढे डेसिबेल्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतातच विकायला आणला. दूरदेशी बनलेले यंत्र आणि इथला टीव्ही यांच्यात काय काय जुळावे लागते, हे लक्षात घेतले की अशा स्थानिक आवृत्त्यांचे महत्त्व कळते.

१५,६२५ चा हिशेब

आता थोडे गणित. ते सोपे आहे आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्यातच आहे. पाल पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि अशी २५ चित्रे दर सेकंदाला येतात. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला इतक्या वेळा डावीकडून उजवीकडे धावतो. एनटीएससीमध्ये हा आकडा १५,७३४ येतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच, म्हणून जुन्या गृहसंगणकांच्या सिग्नलला ढोबळमानाने ‘१५ किलोहर्ट्झ’चा सिग्नल म्हणतात.

१९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणले. त्याची आडवी वारंवारता ३१.५ किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर दुपटीच्या आसपास. पुढे हेच प्रमाण झाले. मधल्या काळात एनईसी कंपनीच्या ‘मल्टिसिंक’सारखे मॉनिटर होते, त्यांना सुमारे १५ पासून ३५ किलोहर्ट्झपर्यंत काहीही चाले. पण नव्या संगणकांतून १५ चा सिग्नल येईनासा झाल्यावर ती सोय ठेवण्यात उत्पादकांना अर्थ उरला नाही. आजच्या बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा ३० किंवा ३१ किलोहर्ट्झ लिहिलेली आढळेल. तुमच्या बीबीसी मायक्रोला ‘मर्यादेबाहेर’ हे उत्तर मिळाले ते यामुळे. बिघाड कुठेच नाही.

अपवाद आहेत. काही मोजके एलसीडी मॉनिटर १५ किलोहर्ट्झ मुकाट्याने स्वीकारतात, जरी त्यांच्या माहितीपत्रकात तसे लिहिलेले नसते. अमिगा वापरणारे हौशी लोक अशा मॉडेलांच्या याद्या वर्षानुवर्षे जपत आले आहेत. उत्पादकांनी लिहून न ठेवलेले ज्ञान वापरणाऱ्यांनी साठवले, याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा यादीला साधन म्हणूनच वागवावे.

वारंवारता जुळली तरी व्होल्टेजचा प्रश्न उरतो. बीबीसी मायक्रोच्या मागे चित्रासाठी तीन वाटा आहेत: टीव्हीसाठी यूएचएफ, गोल बीएनसी छिद्रातून कंपोझिट आणि सहा पिनांची आरजीबी. यातली आरजीबी ‘टीटीएल’ प्रकारची आहे. लाल, हिरवा आणि निळा हे रंग फक्त चालू किंवा बंद असतात, म्हणून रंग होतात दोनाचा तिसरा घात, म्हणजे आठ. चालू म्हणजे सुमारे ५ व्होल्ट. उलट नंतरच्या ॲनालॉग आरजीबीमध्ये पूर्ण उजेडालाही ०.७ व्होल्टच लागतात. दोन्हींना ‘आरजीबी’च म्हणतात आणि नावाच्या या सारखेपणामुळे नव्या मॉनिटरची हानी होऊ शकते. कंपोझिटची गंमत वेगळी: बीबीसी मायक्रोच्या मूळ जोडणीत त्या वाटेने कृष्णधवल चित्रच येते, रंग हवे असतील तर आतल्या पट्टीवरची एक जोडणी बदलावी लागते. रंग दिसत नाहीत म्हणून यंत्र बिघडले असे समजून ते टाकून देऊ नका.

याच काळातला अटारी एसटी (१९८५) आणखी विचित्र. त्याला दोन वेगळे मॉनिटर लागत. खेळांसाठी रंगीत, १५ किलोहर्ट्झचा. आणि संगीत, छपाई वगैरे गंभीर कामांसाठी ६४० बाय ४०० चा कृष्णधवल, सुमारे ३५ किलोहर्ट्झचा. कोणता जोडला आहे हे यंत्र एका पिनवरून ओळखे आणि त्याप्रमाणे वागे. आज गंमत अशी झाली आहे, की कामाचा तो कृष्णधवल सिग्नल साध्या केबलने अनेक व्हीजीए मॉनिटरवर दिसतो, पण मुलांच्या खेळांचा रंगीत सिग्नल दिसत नाही. कार्यालयाचा इतिहास सहज उघडतो, घराचा इतिहास अडून बसतो. गृहसंगणकांबद्दल लिहिताना आपल्या साधनांचे पारडे कुठे झुकले आहे, हे यावरून ओळखावे.

स्वच्छ चित्र खरे असतेच असे नाही

मग उपाय काय? सगळ्यात सोपा म्हणजे पिवळे एव्ही छिद्र असलेला जुना काचेच्या नळीचा टीव्ही. शेजाऱ्यांच्या माळ्यावर, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो अजूनही सापडतो. १९९० नंतरचे आपल्याकडचे बरेच संच पाल आणि एनटीएससी दोन्ही घेतात. दुसरा उपाय रूपांतरकाचा. प्रत्येक रेषा दोनदा पाठवली की १५,६२५ चे ३१,२५० होतात आणि मॉनिटर खूश. ओएसएससी, रेट्रोटिंक यांसारखी उपकरणे असे काम करतात. बीबीसी मायक्रोच्या टीटीएल सिग्नलसाठी हौशी तंत्रज्ञांनी रास्पबेरी पायवर चालणारे ‘आरजीबी टू एचडीएमआय’ तयार केले आहे. त्याचे चित्र काचेसारखे लख्ख येते.

इथेच इतिहासकाराने सावध व्हायला हवे. ॲपल टूचा विचार करा. त्यातला प्रत्येक ठिपका मुळात फक्त पांढरा किंवा काळा असे. पण ठिपके ठरावीक अंतराने ठेवले की एनटीएससी टीव्ही त्यांनाच रंगाचा सिग्नल समजे आणि जांभळा, हिरवा, निळा, केशरी असे रंग दाखवी. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी टीव्हीच्या या दोषालाच कामाला लावले आणि बरेचसे सुटे भाग वाचवले. ते रंग यंत्राच्या स्मृतीत कुठेही ‘रंग’ म्हणून नोंदलेले नाहीत. ते टीव्हीत जन्म घेतात. तोच सिग्नल स्वच्छ कृष्णधवल मॉनिटरवर दाखवला तर उरतात नुसत्या उभ्या रेघोट्या. मग त्या खेळाचे ‘खरे’ चित्र कोणते? माझ्या मते रंगीत, कारण खेळ लिहिणाऱ्याने समोरच्या टीव्हीकडे बघूनच ते रेखाटले होते.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. गृहसंगणक सहसा एकाआड एक रेषा विणत नसत. त्याच जागी पुन्हा पुन्हा ३१२ रेषा काढत. आजचे अनेक टीव्ही ही गोष्ट ओळखत नाहीत. ते तिला विणलेले चित्र समजून ‘सुधारायला’ जातात आणि अक्षरे फरकटतात. बीबीसी मायक्रोला प्रकाशलेखणी जोडता येई. पडद्यावर लेखणी टेकवली की झोत तिच्यासमोरून जाण्याचा क्षण यंत्र टिपे आणि त्यावरून जागा ठरवी. एलसीडीत झोतच नाही. सगळ्या वायरी जुळल्या, चित्र सुंदर आले, तरी ती लेखणी तिथे मुकीच राहणार. तिच्यासाठी लिहिलेला शाळेचा एखादा कार्यक्रम आज वाचता येईल, पण वापरता येणार नाही.

काचेच्या नळ्यांचे भवितव्य मात्र बिकट आहे. त्या जड असतात, काचेत शिसे असते, जागा खातात. म्हणून प्रयोगशाळा रिकामी करताना आधी मॉनिटर जातात आणि हलकी पेटी कपाटात राहते. ई-कचऱ्याचे नियम योग्यच आहेत, शिसे मातीत जाऊ नये. पण भंगाराची यादी करणाऱ्याला कोणता मॉनिटर कोणत्या यंत्राचा जोडीदार आहे हे कोणी सांगितलेले नसते. माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच.

तेव्हा असे यंत्र हाती आले, तर वायर उपसण्यापूर्वी मागच्या बाजूचे छायाचित्र घ्या. मॉनिटरच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि वारंवारता लिहून घ्या. पट्टी पुसट असेल तर तिच्यावर तिरपा उजेड पाडून बघा. कोणती वायर कुठून कुठे जात होती, तेही कागदावर काढा. स्पेक्ट्रमसारख्या यंत्रात मॉड्युलेटरमधली वायर काढून थेट कंपोझिट सिग्नल घेण्याचा प्रघात आहे; तो करायचाच असेल तर उलटवता येईल असा करा आणि त्याची चिठ्ठी यंत्रातच ठेवा. मॉनिटरची पाठ मात्र स्वतः उघडू नका. रंगीत नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही धक्का बसण्याइतका भार आत राहू शकतो. जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर अजून बऱ्याच गावांत आहेत. त्यांच्याकडे न्या आणि ते काय करतात, का करतात, ते शेजारी बसून वहीत उतरवून घ्या.