चावीच्या ग्रामोफोनची मोटर
एमिल बर्लिनर यांचा आरंभीचा ग्रामोफोन हाताने फिरवावा लागत असल्याने गतीबरोबर सूरही ढळत असे. हा दोष अमेरिकेतील कॅमडेनचे यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांनी १८९६ च्या सुमारास स्प्रिंगची मोटर घडवून दूर केला. चावी दिल्यावर बॅरल या गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी उलगडताना दंतचक्रे फिरवते, आणि वेग वाढताच बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांचा गव्हर्नर, म्हणजे गतिनियंत्रक, आपली चकती घर्षणगादीवर दाबून तबकडीचा वेग मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांवर राखतो. कालांतराने बॅरलमधील ग्रीस घट्ट होऊन पट्टीचे वेढे चिकटतात व धक्क्यांनी सुटतात. म्हणून ताण पूर्ण उतरवून बॅरल उघडणे, पट्टी स्वच्छ करून नवे ग्रीस भरणे आणि गादीला तेल देणे, ही निगा म्हणजे त्या काळाच्या संगीताचेच जतन होय.