पेठेत पोचलेले बिलियर्ड्स

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या कितीतरी घरांत बिलियर्ड्स आले ते कॅसेटमधून. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम हे गेम खेळायचे यंत्र बाजारात आणले. पुढे त्याच्या स्वस्त नकला ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी भारतात खपल्या. मुले सगळ्या यंत्रालाच ‘व्हिडीओ गेम’ म्हणत. अ‍ॅडॉप्टर जळला, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली होतीच.

एका कॅसेटवर नावाला हजारो गेम, प्रत्यक्षात तेच ते फिरून यायचे. त्यांत मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’च्या गर्दीत ‘लूनर पूल’ असायचा. कंपाइल या जपानी कंपनीने १९८५ मध्ये केलेला हा गेम. साठ टेबले, प्रत्येकाचा आकार वेगळा. पडद्यावर क्यूची काठी नाहीच! नेम धरायचा, जोर दाखवणारी पट्टी वरखाली होताना नेमक्या क्षणी बटण दाबायचे. तीन फटक्यांत एकही चेंडू खड्ड्यात गेला नाही, की एक ‘लाइफ’ गेली. टेबलाचे घर्षणही कमीजास्त करता येई. अगदी कमी केले, की चेंडू थांबायचे नाव घेत नसत.

खरे टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद, हिरव्या कापडाखाली दगडी लाद्या. वाड्यातल्या दोन खोल्यांत ते मावणार कुठे? तो खेळ क्लब-जिमखान्यांचा, सभासदांचा.

विल्सन जोन्स हे नाव पुण्यात घरोघरी असायला हवे होते, ते म्हणूनच झाले नाही. १९२२ साली याच शहरात जन्मलेल्या या माणसाने १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. पुढे अनेक जगज्जेतेपदे मिळवणारे पंकज अडवाणी जन्मले तेही पुण्यात, ‘लूनर पूल’च्याच वर्षी, घडले मात्र बंगळुरूत.

कॅसेटवाल्या मुलांना कोनांचे गणित पडद्यावर नक्कीच उमगले आणि त्यासाठी कुणाची सभासद-वर्गणी लागली नाही, ही गोष्ट लहान नाही. पण जोन्स यांचा खेळ त्यांना उलटाच वाटला असता. ‘लूनर पूल’मध्ये आपला पांढरा चेंडू खड्ड्यात पडला, की लाइफ जाते. तीन चेंडूंच्या बिलियर्ड्समध्ये तोच चेंडू तांबड्याला लागून खड्ड्यात गेला, की तीन गुण मिळतात.