लोकर देवाला चालते, बाजाराला का नाही?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण दसरा झालाय, थंडीची चाहूल लागलीय, आत्ता नाही लिहिलं तर हे घोंगडं वर्षभर भिजतच पडेल.

परवा गावाबाहेरच्या माळावर एक वाडा उतरला होता. पन्नास-साठ मेंढरं, दोन घोडी, वाघरीत कोंडलेली कोकरं. कातरणी चालली होती. एकानं मेंढीचे पाय धरलेले, दुसऱ्याच्या हातात कातर. बघता बघता काळ्या लोकरीचा ढीग लागला. मी मूठभर उचलली. तेलकट, उबदार, तो ओळखीचा वास. आजोबांच्या घोंगड्याचा वास! लहानपणी पावसात त्याच घोंगड्याच्या खोळीत शिरून मी शेतावरून घरी यायचो.

म्हटलं, "मामा, काय भाव जाते लोकर?"

मामा हसले. "भाव? आरं बाबा, फुकट न्या म्हटलं तरी कोण न्हेत न्हाई. कातरणाऱ्याची मजुरीच अंगावर पडतीया. पण कातरली न्हाई तर जनावराला तरास."

शेजारी आजी चातीवर सूत काढत होत्या. त्यांना विचारलं, मग हे कशाला? म्हणाल्या, "हाताला सवय हाय, लेकरा."

आता थोडा इतिहास. ही आपली दख्खनी मेंढी. लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी. मऊ स्वेटर होणार नाही, पण उन्हापावसात राबणाऱ्या माणसाला हीच लागायची. या लोकरीवर एक अख्खी साखळी जगत होती. हटकर धनगरांनी मेंढरं राखायची, बायकांनी सूत काढायचं, सणगरांनी आणि खुटेकरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. जावळाचं घोंगडं सगळ्यात मऊ, म्हणून त्याला मान.

पाऊस सरला की वाडे घाटाखाली कोकणात किंवा पाण्याच्या मुलखात निघायचे. शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य द्यायचा. याला खत, त्याला पोटगी. भांडणं व्हायची, पण दोघांनाही एकमेकांची गरज होती.

हे मोडलं ते एका दिवसात नाही. १८७८ चा इंग्रजांचा जंगल कायदा आला, राखीव जंगलं झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या चरलेल्या रानात मेंढपाळ गुन्हेगार ठरू लागला. पुढं कालवे आले, ऊस आला. त्यात आपलं भलं झालं, नाही म्हणत नाही. पण जिथं सुगीनंतर मेंढरं बसायची ती रानं बारमाही हिरवी झाली. शेणखताच्या जागी गोणीतलं खत आलं. मग मेंढी उरली मटणापुरती. जत भागातली माडग्याळ मेंढी अंगानं मोठी, लोकर नावाला. तिला मागणी वाढली. मेंढपाळाचं तरी काय चुकलं? जे विकतं तेच तो पाळणार. आणि घोंगड्याच्या जागी पानिपतच्या गिरण्यांतली स्वस्त ब्लँकेटं आली. मराठी माणसाचं दुसरं पानिपत म्हणा हवं तर, फक्त याची बखर कुणी लिहिली नाही.

माझीही चूक कबूल करतो. वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. 'पिवळा फेटा, काठी अन् घोंगडं देऊन सत्कार' अशा किती बातम्या लावल्या, मोजदाद नाही. निवडणुकीतल्या घोंगडी बैठकाही लिहिल्या. ते घोंगडं कुठून आलं, कुणी विणलं, हे एकदाही विचारलं नाही. परवा एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सत्काराचं होय? ते गिरणीचं. हातमागाचं परवडतंय कुणाला?"

दसऱ्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. लाखो माणसं येतात. भंडारा, खारीक-खोबरं यांच्यासोबत तिथं लोकरही उधळली जाते. देवाला वाहायची ती आपल्या जवळची सर्वांत मोलाची वस्तू, म्हणूनच ना? डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तर पंढरीचा विठ्ठलच मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचं १९८४ साली ग्रंथ लिहून मांडलं. म्हणजे उभा महाराष्ट्र ज्याच्यापुढं माथा टेकतो, तो देवही या लोकरीच्याच घरातला.

मला इतकंच म्हणायचंय. सरकारदरबारी मेंढी-शेळी विकासाचं महामंडळ आहे, अहिल्यादेवींच्या नावानं आहे. मग लोकर खरेदीची सोय तालुक्याच्या पातळीवर का नको? शासकीय सत्कारात हातमागाचंच घोंगडं, एवढा साधा नियम का होऊ नये? आणि आपण वर्षाला एक जरी विकत घेतलं, तरी कुठला तरी माग चालू राहील.

निघताना आजींनी सुताचा एक गुंडा हातावर ठेवला. पैसे देऊ केले तर घेईनात. "विणणारा गावला तर विणून घे," म्हणाल्या.

तो गुंडा टेबलावर आहे. मी विणणारा शोधतोय. तुमच्या गावात अजून खड्ड्यावरचा माग चालू असेल तर नक्की कळवा.