कुठल्या भागाला पैसे मोजावेत? संगणक वाढवून घेण्याचा छोटा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता दुकानातला वाटेल. लॅपटॉप घेताना किंवा जुना चालता ठेवताना जादा पैसे कशावर घालावेत? प्रोसेसरवर, रॅमवर, की साठवणीवर? घरात एखादे मूल कॉलेजला निघाले की हा प्रश्न येतोच, आणि तो काही हजार रुपयांचा असतो. पण या प्रश्नाला निदान साठ वर्षांचा इतिहास आहे. त्यातले दोन-तीन टप्पे आज आपण पाहू.

नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारले होते, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? संगणकाच्या वेगाचेही तसेच आहे. वेग एकट्या प्रोसेसरमध्ये नसतो, एकट्या रॅममध्येही नसतो. तो सगळ्यांच्या मेळातून येतो. जाहिरात मात्र एकेका भागाचा आकडा सांगते, आणि आपण त्या आकड्याला भुलतो.

ही गोष्ट गणिताच्या भाषेत १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी मांडली. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. अनेक प्रोसेसर एकत्र जोडून किती फायदा होईल, हा. पण तर्क सगळीकडे लागू पडतो. कामाचा जो हिस्सा तुम्ही वेगवान केला, तो मुळातच छोटा असेल, तर एकूण फायदाही छोटाच राहणार. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हा आधी आग कुठे आहे ते शोधा.

दुसरा टप्पा स्मृतीचा. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाने १९६२ मध्ये एक युक्ती केली. मुख्य स्मृती अपुरी पडली, तर काही मजकूर फिरत्या ड्रमवर ठेवायचा आणि लागेल तसा परत आणायचा. फार उपयोगी कल्पना. आजचा आपला लॅपटॉपही हेच करतो. पण १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी तिची मर्यादा दाखवून दिली. स्मृती फारच कमी पडली, तर यंत्राचा सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो आणि मूळ काम ठप्प होते. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्यावर लॅपटॉप गुदमरतो, तो अनेकदा यामुळे. तिथे नवा प्रोसेसर काय करणार? तिथे रॅमच हवी. आणि उलट बाजूही बघा. स्मृती पुरेशी असेल, तर त्यावर आणखी दुप्पट रॅम घातल्याने जवळजवळ काहीच बदलत नाही.

आता बाजाराकडे येऊ. १९८१ चा आयबीएम पीसी सर्वांत स्वस्त रूपात १६ किलोबाइट स्मृतीसह मिळत असे, आणि आत जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या. म्हणजे आज थोडे घ्या, वापरून बघा, कमी पडले तर भर घाला. पुढे लॅपटॉपमध्येही बरीच वर्षे तळाचे झाकण काढून रॅमची पट्टी आणि डिस्क बदलता येई. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस ही बाजारपेठ या सोयीवरच फुलली.

जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअर आणला. त्याचा दरफलक आपल्या विषयाचा उत्तम धडा आहे. मूळ किंमत १,७९९ डॉलर. प्रोसेसर १.६ ऐवजी १.८ गिगाहर्ट्झ हवा, तर ३०० डॉलर जादा. ८० जीबीच्या फिरत्या डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी, तर ९९९ डॉलर जादा. रॅम २ जीबी, मदरबोर्डवर सोल्डर केलेली, तिला पर्यायच नाही.

हिशेब करून पाहू. ती डिस्क मिनिटाला ४,२०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला ७०. हवा तो मजकूर सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण ७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसरचे एक कोटीहून अधिक ठोके पडतात! समजा, एखाद्या कामाच्या १०० सेकंदांतले ७० डिस्कची वाट पाहण्यात जातात. नवा प्रोसेसर उरलेल्या ३० चे जेमतेम २७ करील, एकूण ९७. एसएसडीने ते ७० सेकंद दहापट घटले, तर एकूण ३७. आग कुठे होती ते दिसलेच.

मग ९९९ डॉलर देणे शहाणपणाचे होते का? ऑक्टोबर २०१० मध्ये ६४ जीबी एसएसडी असलेला अख्खा छोटा मॅकबुक एअर ९९९ डॉलरला मिळू लागला. भाग योग्य होता, वेळ महाग होती. थांबता येणे हीसुद्धा एक किंमत असलेली गोष्ट आहे.

आणि नेमके तेच हातातून निसटत गेले. २०१२ पासून सोल्डर केलेली रॅम हळूहळू सर्वत्र पसरली. याला खरी कारणे आहेत. यंत्र पातळ होते, वीज कमी लागते, प्रोसेसरजवळची स्मृती वेगाने चालते. पण याचा अर्थ असा, की पाच वर्षांनी किती लागेल याचा अंदाज खरेदीच्या दिवशीच बांधायचा, आणि तोही विक्रेत्याच्या दराने. अनुभवाने शिकून ठरवण्याची मुभा गेली. आम्हांला हा बदल वेगाच्या बदलापेक्षा मोठा वाटतो. २०२१ मध्ये फ्रेमवर्कने सुटे भाग बदलता येणारा लॅपटॉप आणला, २०२२ मध्ये भारत सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते याच अस्वस्थतेतून.

तेव्हा व्यवहारात काय करावे? जो भाग नंतर बदलता येणार नाही, त्यावर आज थोडे जास्त खर्च करा. बहुधा ती रॅम असते. एसएसडी सुटी असेल, तर ती लहान घ्या, नंतर बाहेरून बदला. जुन्या यंत्रात अजून फिरती डिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीला. बॅटरी बसली असेल, तर बॅटरीला. प्रोसेसरच्या वरच्या पायरीला मात्र शेवटी, तेही व्हिडिओ-संपादनासारखे जड काम खरोखर असेल तरच.

आणि एक सीमा लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अनेक जुने प्रोसेसर स्वीकारतच नाही. तिथे रॅम घालून तो दरवाजा उघडत नाही. मात्र लिनक्स घालून तेच यंत्र पुढे वापरता येते, आणि त्याला काहीच पैसे पडत नाहीत.

म्हणून दुकानदाराला 'कुठला चांगला?' असे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. माझे काम नेमके कुठे अडते? आणि यातले काय मला उद्या बदलता येईल? दुसऱ्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर किमतीकडे पुन्हा एकदा नीट बघा. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.