मादागास्कर: वन्यजीव पाहण्याच्या सहलीची आखणी कशी करावी?

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर हिंदी महासागरात असलेले मादागास्कर हे जगातील चौथ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. जगाच्या नकाशात ते आफ्रिकेशेजारी छोटेसे दिसते आणि सहलीची आखणी नेमकी तिथेच फसते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. चांगले रस्ते मोजके असल्याने दहा दिवसांत सगळे बेट पाहायला निघालेल्या पर्यटकांचे बरेचसे दिवस गाडीत जातात.

हे बेट आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचा भाग होते. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत त्यापासून सुटून उत्तरेकडे सरकला. तेव्हापासून एकट्या पडलेल्या या बेटावर जीवसृष्टी स्वतःच्या वाटेने वाढली. लेमूरच्या शंभराहून अधिक जाती इथेच उत्क्रांत झाल्या. घोयरा सरड्यांच्या जगातील जवळपास निम्म्या जातीही इथल्याच. वाघ, सिंह, हत्ती मात्र इथे नाहीत. ताडोबासारखी जीपमधली सफारीही नाही. जंगल पायीच पाहावे लागते. माणसाला घातक ठरेल असा जमिनीवरचा विषारी साप नसल्याने रानात चालणे तुलनेने निर्धास्त असते, पर्जन्यवनातल्या जळवांचा त्रास सोडला तर.

कधी जावे?

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू आपल्या उलट. जानेवारी ते मार्च हा मुसळधार पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. तेव्हा पश्चिमेकडचे अनेक कच्चे रस्ते बंद होतात. जून ते ऑगस्ट कोरडा हिवाळा असतो. राजधानी अंतानानारिव्हो सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री चांगल्याच गार असतात. या दिवसांत बरेच सरडे आणि बेडूक दडून बसतात. काही छोटे लेमूर तर झाडाच्या ढोलीत महिनोन्‌महिने शीतनिद्रा घेतात. पूर्व किनाऱ्याजवळच्या सेंट मेरी बेटाभोवती मात्र जुलै ते सप्टेंबर याच काळात हंपबॅक व्हेल येतात.

वन्यजीवांसाठी सर्वांत सोयीचे महिने सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. रस्ते अजून कोरडे असतात, सरडे बाहेर पडू लागतात आणि लेमूरच्या पाठीवर पिल्ले दिसतात. महाराष्ट्रातील शाळांची दिवाळीची सुट्टी याच काळात येते. मे महिनाही वाईट नाही. पाऊस संपून रान हिरवे असते, पण पिल्ले दिसत नाहीत.

एकच दिशा निवडा

पूर्वेला राजधानीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आंदासिबे आहे. वेळ कमी असेल तर फक्त हेच करावे. इथे इंद्री हा आज जिवंत असलेल्या लेमूरपैकी सर्वांत मोठा लेमूर राहतो. सकाळी इंद्रीचे कुटुंब एका सुरात ओरडते तेव्हा तो लांबलचक आवाज दोन किलोमीटरपर्यंत पोहोचतो. इंद्री बंदिवासात जगत नाही, त्यामुळे तो प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळत नाही. हे जंगल संपले तर इंद्रीही संपला.

दक्षिणेला जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ७ सुमारे ९५० किलोमीटरचा आहे. त्याच्या वाटेवरच्या रानोमाफानाची कथा सांगण्यासारखी आहे. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्या सोनेरी बांबू लेमूरची नवी जात म्हणून नोंद केली आणि १९९१ मध्ये त्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या आकाराच्या दुसऱ्या प्राण्याला मारायला पुरेल इतके सायनाइड असलेले बांबूचे कोंब हा लेमूर रोज खातो. पुढे आंजा येथे गावकऱ्यांनी स्वतः राखलेले छोटे वन आहे. वलयांकित शेपटीचे लेमूर तिथे हमखास दिसतात. त्यानंतर इसालोचे वालुकाश्माचे डोंगर. या मार्गाला किमान दहा दिवस द्यावेत.

पश्चिमेला मोरोंदाव्हाजवळ बाओबाबची प्रसिद्ध वाट आहे. आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात ते याच कुळातले झाड. जगातील आठपैकी सहा जाती फक्त मादागास्करच्या. जवळच्या किरिंदीच्या जंगलात फोसा हा बेटावरचा सर्वांत मोठा शिकारी प्राणी दिसू शकतो, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या विणीच्या हंगामात. चुनखडीच्या सुळक्यांचे चिंजी पाहायचे तर मोरोंदाव्हाहून सुमारे २०० किलोमीटरला पूर्ण दिवस लागतो, वाटेत दोन नद्या तराफ्यावरून ओलांडाव्या लागतात, आणि पावसाळ्यात उद्यान बंदच असते.

वाटाड्या आणि पैसे

राष्ट्रीय उद्यानांत स्थानिक वाटाड्या सक्तीचा आहे. त्याच्या पैशांत घासाघीस करू नये. झाडे तोडून-जाळून भातशेती करणे आणि कोळसा पाडणे हे इथल्या गरीब कुटुंबांचे जगण्याचे साधन आहे. उभ्या जंगलातून मिळणारी मजुरी हाच त्याला व्यवहार्य पर्याय. २००९ च्या राजकीय संकटात ईशान्येकडच्या संरक्षित जंगलांतून रोझवूडची बेसुमार तोड झाली होती.

रात्रीची फेरी उद्यानाच्या आत करता येत नाही. ती सीमेलगतच्या रस्त्यावर होते, तरीही चुकवू नये. काही ठिकाणी खांद्यावर लेमूर बसवून फोटो काढू देतात. ते टाळलेलेच बरे, कारण त्यातून लेमूर पाळण्याच्या हौसेला खतपाणी मिळते. गावोगावी ‘फादी’ म्हणजे निषेधाचे नियम असतात: अमुक थडग्याकडे बोट दाखवू नये, तमुक पाण्यात उतरू नये. वाटाड्याला आधी विचारावे.

निघण्यापूर्वी

देशांतर्गत विमाने वेळा बदलतात, म्हणून परतीच्या विमानाआधी राजधानीत एक मोकळा दिवस ठेवावा. शहराबाहेर कार्ड फारसे चालत नाही. आरियारी या स्थानिक चलनात रोख जवळ हवी. भात सर्वत्र मिळतो, घेवड्याच्या उसळीसारखे पदार्थही, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

प्रवास नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा नियम जाण्याचा आणि भारतात परतण्याचा, असा दोन्ही वेळचा तपासावा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र आवश्यक असून नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशात लष्कराने सत्ता हाती घेतली, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचनाही वाचाव्यात.