शहाडचा लोहमार्ग आणि सार्वजनिक हमीचा प्रश्न

शहाड स्थानकातून आज ज्या मार्गावरून गाड्या धावतात, तो कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो बांधला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीने; परंतु त्यातील जोखीम मात्र कंपनीची नव्हती. खासगी विकसकांना शहराने सार्वजनिक साहाय्य द्यावे किंवा कसे, या आजच्या वादाचा विचार करताना या परिसरातील हा पहिला मोठा दाखला सहसा विसरला जातो.

१७ ऑगस्ट १८४९ च्या करारान्वये ईस्ट इंडिया कंपनीने प्रारंभीच्या ५ लक्ष पौंड भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली आणि मार्गासाठी लागणारी जमीन ९९ वर्षांकरिता विनामूल्य दिली. हमीच्या वर नफा झाल्यास त्याची वाटणी व्हावयाची होती. तोटा मात्र वाटावयाचा नव्हता. इतकेच नव्हे, तर सहा महिन्यांची सूचना देऊन सर्व मार्ग सरकारच्या गळ्यात घालण्याची व खर्ची पडलेले भांडवल परत घेण्याची मुभाही कंपनीस होती. असा करार आपण होऊन कोणी सावकार आपल्या कुळाशी करील, असे वाटत नाही.

परिणाम अपेक्षितच झाला. लोहमार्गाचा खर्च मैलामागे सुमारे ८,००० पौंड येईल, असा डलहौसीच्या काळातील अंदाज होता. हमीच्या मार्गांवर तो सरासरीने दुपटीहून अधिक झाला. थळ घाटासारखे अवघड काम व १८५७ ची धामधूम ही कारणे खरी आहेत; तथापि व्याज निश्चित असल्यामुळे काटकसरीचा हेतूच उरला नाही, हे मूळ कारण होय. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे अशाच आशयाची साक्ष दिली होती. हमीवाचून इंग्रज भांडवल आलेच नसते, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु लॉर्ड लॉरेन्स यांनी १८६९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे सरकारला स्वतःच्या पतीवर याहून कमी व्याजाने कर्ज मिळत होते. याचा अर्थ असा की, रयतेची पत वापरूनच कंपनी भांडवल उभारीत होती आणि त्या पतीचे मोल मात्र भागधारकांच्या पदरात पडत होते. ‘सार्वजनिक सभे’च्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनी रेल्वेविस्ताराची जी चिकित्सा केली, तिच्यामागे हा अनुभव होता.

याहूनही उद्बोधक अशी एक घटना आहे. २५ वर्षांनंतर, म्हणजे १८७४ मध्ये, मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारने करारात राखून ठेवला होता. १८७० च्या सुमारास भारतमंत्र्यांनी तो सोडून दिला आणि थकलेल्या हमीव्याजाच्या वसुलीवरही पाणी सोडले; मोबदला म्हणून नफ्याचा अर्धा वाटा पत्करला. मार्ग सरकारच्या मालकीचा होण्यास १९०० साल उजाडले, आणि खरेदीपोटी द्यावयाचे वार्षिक हप्ते १९४८ पर्यंत चालू राहिले.

मुंबईतील बॅक बे कंपनीचे प्रकरण याच काळातले. १८६४ मध्ये समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या या कंपनीचे ४०० भाग घेण्याचा मुंबई सरकारचा विचार होता; कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो नामंजूर केला. तो निर्णय शहाणपणाचा होता, परंतु अपुरा ठरला. कारण सरकार स्वतः भागीदार असलेल्या बँक ऑफ बॉम्बेने भागांच्या तारणावर सढळ कर्जे दिली होती. अमेरिकेतील यादवी संपून १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा पुढच्या दाराने अडविलेला तोटा मागच्या दाराने आत आला. १८६८ मध्ये बँक मोडीत निघाली.

१९८३ मध्ये स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका कोणास ५ टक्क्यांची हमी देत नाही. आजच्या साहाय्याचे रूप निराळे आहे: वाढीव चटईक्षेत्र, अधिमूल्यातील सवलत, करमाफी, आणि १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने रूढ केलेले हस्तांतरणीय विकास हक्क. येथे कायद्यातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ७९ व्या कलमानुसार महानगरपालिकेची स्थावर मालमत्ता बाजारभावाहून कमी मोबदल्यात देता येत नाही. चटईक्षेत्र ही मात्र त्या अर्थाने मालमत्ता नव्हे. गुंठाभर भूखंडावर जी बंधने येतात, ती लक्षावधी चौरस फुटांच्या वाढीव बांधकामास लागू होत नाहीत. तिजोरीतून रोकड जात नाही, म्हणून काहीच दिले नाही, असा भास होतो. किंबहुना हा भास हेच या पद्धतीचे मोठे आकर्षण आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने वर्षअखेरपर्यंत बांधकाम अधिमूल्ये निम्म्याने उतरविली, तेव्हा लाभ घेणाऱ्या विकसकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट तरी घातली होती. बुडालेल्या महसुलाच्या मानाने ती अट पुरेशी होती काय, हा प्रश्न वेगळा; परंतु सवलतीच्या बदल्यात काय घ्यावयाचे हे आधी उच्चारले गेले, एवढे खरे.

म्हणून सवलतीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा सोडून दिलेला महसूल अंदाजपत्रकात खर्च म्हणून नोंदला जावा. प्रकल्प सवलतीवाचून उभा राहिला नसता, हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर असावा. नफ्यात वाटा मागताना तोट्याची मर्यादाही आधीच ठरलेली असावी, आणि परतफेडीची कलमे सोडून देण्याचा अधिकार एखाद्या अधिकाऱ्याच्या वा मंत्र्याच्या हाती एकट्याने नसावा; १८७० चा धडा तोच आहे.

शहाडपुरते बोलावयाचे तर हिशेब पाण्यापासून सुरू करावा लागेल. येथे उल्हास नदीतून उपसलेले पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरला जाते. कल्याण-डोंबिवलीचे मोहिली येथील केंद्रही याच नदीवर अवलंबून आहे. वाढीव मजल्यांना परवानगी देताना त्या मजल्यांपर्यंत पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते नेण्यास किती खर्च येईल व तो अधिमूल्यातून कितपत भागेल, याचा तक्ता ठरावास जोडलेला असल्याखेरीज सभासदांनी त्यावर मतदान करू नये.